सुटले का ते? अमेरिका सोडून गेलेल्या काळ्या माणसांविषयी

मुपोमेरीलँड (धागाकर्ता)

आमच्या शेजारचे मास्तर येत्या महिन्यात अक्राला चाललेत. घानातलं अक्रा. कायमचे.

मास्तर हे मी मनातल्या मनात ठेवलेलं नाव. वय ७४, उभी हयात सरकारी शाळेत गणित शिकवण्यात गेली. काळे अमेरिकन, जन्म अलाबामाचा. बायको गेल्यापासून एकटेच असतात. मी इथे नवा होतो तेव्हा बर्फ पडला की आधी माझ्या दारातली वाट फावड्याने मोकळी करून मग स्वतःच्या गाडीकडे वळायचे. परवा कुंपणाशी उभे राहून म्हणाले, "घर विकलं." मला वाटलं, मुलाकडे टेक्सासला जाणार. तर म्हणे अक्रा.

मी विचारलं, असं एकदम काय झालं? कुणी काही बोललं का? (आपली समजूत अशी की माणूस देश सोडतो म्हणजे आदल्या दिवशी काहीतरी घडलेलं असणार.) हसले. म्हणाले, "घडलं काहीच नाही. २००८ मध्ये ओबामा निवडून आले त्या रात्री मी रडलो होतो, त्याची आता लाज वाटते. भांडायला अजून दम आहे. समजावून सांगायला नाही. दर दहा वर्षांनी नव्या माणसांना धडा पहिल्यापासून शिकवायचा. वर्गात ते ठीक होतं, त्याचा पगार मिळायचा."

तेव्हापासून रात्री जागून वाचतोय. काळा अमेरिकन लेखक जेम्स बॉल्डविन ११ नोव्हेंबर १९४८ रोजी पॅरिसला पोचला तेव्हा २४ वर्षांचा होता आणि खिशात ४० डॉलर. त्याआधी युद्धकाळात तो न्यू जर्सीत कामाला होता. तिथल्या एका हॉटेलात वेटर बाई म्हणाली, आम्ही निग्रोंना वाढत नाही. त्याने समोरचं पाण्याचं भांडं उचलून तिच्या दिशेने भिरकावलं. ते मागच्या आरशावर जाऊन फुटलं आणि हा पळून वाचला. पुढे त्याने लिहिलंय की आपण मारले गेलो असतो हे त्या रात्री कळलंच, पण आपण खून करायला तयार झालो होतो हेही कळलं. हे वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

आणि ड्यू बॉइस. काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेला विद्वान, हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारा पहिला काळा माणूस. घानाचे अध्यक्ष न्क्रुमांनी आफ्रिकेचा ज्ञानकोश करायला बोलावलं म्हणून १९६१ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, घानाला गेले. २७ ऑगस्ट १९६३ ला अक्रातच वारले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनला तो प्रचंड मोर्चा होता, मार्टिन ल्यूथर किंगचं भाषण झालं तो. म्हाताऱ्याच्या मृत्यूची बातमी तिथल्या व्यासपीठावरून सांगितली गेली. साठ वर्षं ज्यासाठी घासली ती गर्दी जमली, आणि हा माणूस समुद्रापार.

मला विचारायचंय ते एवढंच. ही माणसं गेली, पण सुटली का?

---

अनुस्वार

वाचतेय. मास्तरांना माझा नमस्कार सांगा. पगाराचं वाक्य फार लागलं.

---

कोरडवाहू

लेख चांगला आहे, पण नेहमीप्रमाणे लेखक-विद्वानच दिसताहेत. बोटीचं तिकीट काढून पॅरिस गाठणारे किती असणार? खरा देशत्याग देशातल्या देशात झाला. १९१६ च्या सुमारास सुरू झालेलं दक्षिणेतून उत्तरेकडचं स्थलांतर १९७० पर्यंत चाललं आणि त्यात जवळपास ६० लाख काळी माणसं मिसिसिपी, जॉर्जिया, अलाबामा सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कला गेली. शिकागोचं 'डिफेंडर' हे काळ्यांचं वर्तमानपत्र रेल्वेतले पोर्टर लपवून दक्षिणेत पोचवायचे, कारण त्यात उत्तरेतल्या नोकऱ्यांच्या बातम्या असत. मजूर निघून चाललेत म्हटल्यावर काही गावांत पोलिसांनी स्टेशनावरून माणसं मागे हाकलली. जाच करणाऱ्यालाच तुमचं जाणं परवडत नाही, ही यातली खरी गंमत.

आणि पोचल्यावर? २७ जुलै १९१९. शिकागोत मिशिगन सरोवरात १७ वर्षांचा एक काळा मुलगा तराफ्यावरून तरंगत नकळत गोऱ्यांच्या बाजूला गेला. किनाऱ्यावरून एकाने दगड मारले, मुलगा बुडाला. मग आठवडाभर दंगल. ३८ माणसं मेली, त्यातली २३ काळी. पाण्यावर रेघ कुणी मारली होती, विचारू नका.

---

शाईवाळेना

सुटले का, याचं उत्तर पॅरिसपुरतं मी देते. सुटले, पण कुणाच्या जागेवर हे पाहावं लागतं.

बॉल्डविनला पॅरिसमध्ये वर्ष उलटताच धडा मिळाला. १९४९ च्या डिसेंबरात एका ओळखीच्या माणसाने दुसऱ्या हॉटेलातली चादर उचलून आणली, ती याच्या खोलीत सापडली, आणि चोरीचा माल म्हणून फ्रेंच पोलिसांनी दोघांनाही धरलं. आठ दिवस कोठडी. नाताळ तिथेच गेला. शेवटी प्रकरण कोर्टात आलं तेव्हा चादरीची गोष्ट ऐकून सगळं कोर्ट खदखदून हसलं आणि याला सोडून दिलं. ते हसणं त्याने ओळखलं. मायदेशात ते लहानपणापासून ऐकलेलं होतं.

पण मोठा मुद्दा अल्जीरियनांचा. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. पॅरिसच्या कॅफेत काळा अमेरिकन बसला की फ्रेंच माणूस त्याला अमेरिकन म्हणून बघायचा. जॅझ, युद्धात सोडवायला आलेली फौज, डॉलर. त्याच रस्त्यावर अल्जीरियन मजुराला पोलीस भिंतीशी उभं करून झडती घ्यायचे. १७ ऑक्टोबर १९६१ ला अल्जीरियनांनी संचारबंदीविरुद्ध मोर्चा काढला तेव्हा पोलिसांनी माणसं मारली, काहींना सेन नदीत फेकलं. किती मेले यावर अजून वाद आहे. फ्रेंच सरकारने कितीतरी वर्षं तीनच आकडा धरून ठेवला होता.

पॅरिसमधले बहुतेक काळे अमेरिकन अल्जीरियावर गप्प होते. रिचर्ड राइटसुद्धा. मिसिसिपीत जन्मलेला, वर्णद्वेषावर इतकं धारदार लिहिलेला माणूस. पण १९४७ मध्ये फ्रेंच नागरिक झाला होता, आणि पाहुण्याने घरच्यांच्या भांडणात पडू नये हे त्याला कळत होतं. मी त्याला दोष देत नाहीये. पण तुम्हाला मिळालेली खुर्ची रिकामी कशी झाली, हा प्रश्न देश सोडलेल्या प्रत्येकाने एकदा तरी स्वतःला विचारावा. बॉल्डविनने विचारला. अल्जीरियनांशी फ्रेंच कसे वागतात ते पाहून त्याला फ्रान्स कळला, आणि मग अमेरिकाही.

---

टिंगलटवाळ

पाहुणा होता म्हणून गप्प बसला. आपले परदेशस्थ मंडळी तर पाहुणे नसतानाही गप्प बसतात. (पळतो.)

---

मुपोमेरीलँड

टिंगलटवाळ, पळू नका, थांबा. बरोबर आहे तुमचं. मी नऊ वर्षं इथे आहे आणि मास्तरांना 'का चाललात' हे पहिल्यांदा परवा विचारलं.

शाईताई, बॉल्डविन १९५७ मध्ये परत आला ना? अमेरिकेत शार्लटला गोऱ्यांच्या शाळेत एकट्याच जाणाऱ्या काळ्या मुलीचा, डोरोथी काउंट्सचा, फोटो त्याने पॅरिसच्या स्टॉलवर वर्तमानपत्रात पाहिला आणि आता इथे बसणं शक्य नाही असं ठरवलं, असं वाचलं.

---

सनावळी

लिहिलंय त्यानेच तसं, पण तारखा जुळत नाहीत. तो फोटो ४ सप्टेंबर १९५७ चा. बॉल्डविन त्या उन्हाळ्यातच अमेरिकेत परतला होता. म्हणजे फोटो पाहून निघाला हे आठवणीने मागाहून रचलेलं. खोटं म्हणणार नाही मी. आपण गाव का सोडलं किंवा परत का आलो हे सांगताना प्रत्येकजण एक प्रसंग शोधतो. खऱ्या कारणाला तारीख नसते म्हणून उसनी तारीख लावायची. धागाकर्त्याने 'एकदम काय झालं' विचारलं ते त्यातलंच.

---

जहाजी

तुम्ही सगळे विसाव्या शतकातच घोटाळताय. हे जाणं फार जुनं आहे.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांनी गुलामांना सांगितलं, आमच्या बाजूने या, स्वातंत्र्य देतो. युद्ध हरले, पण शब्दाला अर्धे जागले. १७८३ मध्ये सुमारे ३,००० काळी माणसं जहाजांनी नोव्हा स्कोशियाला, म्हणजे आजच्या कॅनडात नेली. जमीन मिळणार होती. बऱ्याच जणांना मिळालीच नाही, मिळाली ती खडकाळ. थंडी, उपासमार, वर गोऱ्या शेजाऱ्यांची मारहाण. मग १५ जानेवारी १७९२ ला हॅलिफॅक्सहून १५ जहाजं सुटली आणि सुमारे १,२०० जण पश्चिम आफ्रिकेला गेले. त्यांनी वसवलं ते फ्रीटाउन, आजच्या सिएरा लिओनची राजधानी. एकाच आयुष्यात दोनदा देश सोडलेली माणसं होती ती. काहींनी तर तिसऱ्यांदा, कारण आफ्रिकेतून पकडून आणलेलेही त्यांत होते.

लायबेरियाची गोष्ट आणखी कडू. १८१६ मध्ये अमेरिकेत एक संस्था निघाली, मोकळ्या झालेल्या काळ्यांना आफ्रिकेत नेऊन वसवायला. चालक कोण? भले पाद्रीही होते आणि गुलाम बाळगणारे जमीनदारही. जमीनदारांचं गणित सरळ होतं. मोकळा काळा माणूस डोळ्यासमोर दिसला की गुलामाच्या डोक्यात विचार येतो. म्हणून त्याला दूर धाडा. एकाला सुटका दिसत होती, दुसऱ्याला साफसफाई, आणि जहाज एकच.

१८४७ मध्ये लायबेरिया स्वतंत्र झाला. बोधवाक्य घेतलं, 'स्वातंत्र्याच्या ओढीने आम्हाला इथे आणलं'. बोधचिन्हात जहाज. आता जे तिथे आधीपासूनच राहत होते त्यांना कुठल्या ओढीने आणलं? ते या 'आम्ही'त नव्हतेच. अमेरिकेतून आलेल्यांची वस्ती मूठभर, पण १८७८ ते १९८० सलग त्यांच्याच एका पक्षाचं राज्य. मूळच्या जमातींतल्या माणसांना सक्तीच्या मजुरीला धाडण्याचं प्रकरण एवढं चिघळलं की राष्ट्रसंघाची चौकशी झाली आणि १९३० मध्ये अध्यक्ष किंग यांना राजीनामा द्यावा लागला. ज्यांच्या आज्याने पाठीवर चाबूक खाल्ला त्यांची नातवंडं! १९८० च्या एप्रिलमध्ये एका सार्जंटने बंड केलं, अध्यक्षाला मारलं, आणि दहा दिवसांनी १३ बड्या अधिकाऱ्यांना मन्रोव्हियाच्या किनाऱ्यावर खांबांना बांधून गोळ्या घातल्या. ज्या समुद्रावरून आजोबा उतरले त्याच्याच काठावर.

---

टूलरूम

मी लिहिणारा माणूस नाही, टूलरूममधला आहे. पण एका आपल्या धंद्यातल्या माणसाची गोष्ट सांगतो.

रॉबर्ट रॉबिन्सन. जन्म जमैकाचा, अमेरिकेचा नागरिक, डेट्रॉइटला फोर्डच्या कारखान्यात टूलमेकर. सगळ्या टूलरूममध्ये काळा एवढा एकच. टूलमेकर म्हणजे काय ते माहीत नसेल तर सांगतो. यंत्र जे बनवतं ते मापात आहे का हे तपासायची गेज, ते पकडायची फिक्श्चर, हे सगळं जो बनवतो तो. इथे हातचलाखी चालत नाही. मायक्रोमीटर लावला की कातडीचा रंग दिसत नाही, माप दिसतं. बाकी सगळीकडे दिसतो.

१९३० मध्ये मंदीचे दिवस, रशियन लोक कारागीर भरती करायला आलेले. वर्षाचा करार, पगार बरा. हा स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्यात गेला. तिथे आधीच आलेल्या गोऱ्या अमेरिकन कामगारांपैकी दोघांनी याला नदीकाठी मारलं. डेट्रॉइटला असतं तर विषय संपला असता. रशियात खटला चालला, दोघांना देशाबाहेर काढायची शिक्षा झाली, आणि हा रातोरात वर्तमानपत्रांचा हिरो. पुढे न विचारता मॉस्कोच्या सोव्हिएतवर, म्हणजे नगर परिषदेवर, निवडूनही दिला. अमेरिकेत आरडाओरडा झाला, आणि १९३७ मध्ये याने सोव्हिएत नागरिकत्व घेतलं.

आणि अडकला. परत जायचा अर्ज केला की नाही म्हणायचे. बरोबरचे एकेक कामगार रात्री उचलले जाताना पाहिले. हिरो असूनही बढती नाही, आणि त्याचं म्हणणं, वर्णद्वेष तिथेही होताच, फक्त आमच्याकडे तो नाही असं सगळ्यांनी म्हणायचं ठरलेलं होतं. शेवटी १९७४ मध्ये युगांडात सुट्टीला म्हणून व्हिसा मिळाला तो परतलाच नाही. वर्षाचा करार ४४ वर्षांनी संपला.

---

रिकामटेकडा

सगळं वाचलं. सारांश : कुठेही जा, तेच. मग मास्तरांनी घर का विकलं? पटत नसेल तर गप जावं, देशाला शिव्या घालत जाऊ नये. ज्या देशाने पेन्शन दिली त्याचाच पासपोर्ट घेऊन जाणार ना?

---

कोरडवाहू

पेन्शन देशाने दिली नाही, त्यांनी कमावली. आणि गप जायची सोय तरी असते का?

पॉल रॉब्सन. गायक, नट, ज्याच्या आवाजाने थिएटरं हलायची. वर्णद्वेषावर परदेशात बोलतो म्हणून १९५० मध्ये अमेरिकेने त्याचा पासपोर्टच काढून घेतला. म्हणजे इथे नीट जगू देणार नाही आणि बाहेरही जाऊ देणार नाही. १९५७ मध्ये वेल्सच्या खाण कामगारांच्या मेळाव्यात तो न्यूयॉर्कमधून टेलिफोनच्या तारेवरून गायला. समुद्राखालून गाणं गेलं, माणूस नाही गेला. १९५८ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका दुसऱ्याच खटल्यात निकाल दिला की राजकीय मतांसाठी पासपोर्ट अडवता येत नाही, तेव्हा सुटका झाली.

त्याच्या १९४९ च्या, न्यूयॉर्कजवळच्या पीक्सकिलच्या कार्यक्रमावर जमावाने हल्ला केला, त्यात मार खाल्लेल्यांमध्ये यूजीन बुलर्ड होता. जॉर्जियातून पोरवयात पळाला, १९१२ मध्ये जहाजात लपून स्कॉटलंडला पोचला, पहिल्या महायुद्धात फ्रान्सकडून लढला, वैमानिक झाला. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा त्यांच्या हवाई दलाने याला घेतलं नाही. १९४० मध्ये जर्मन आले म्हणून नाइलाजाने परतला. फ्रान्सची पदकं छातीभर, आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये लिफ्टमन. १९५९ मध्ये तिथल्याच टीव्ही स्टुडिओत त्याची मुलाखत झाली, लिफ्टमनच्या गणवेशात. अमेरिकन हवाई दलाने त्याला लेफ्टनंट केलं ते १९९४ मध्ये. मेला होता १९६१ ला.

रिकामटेकडे साहेब, यात शिव्या कुणी कुणाला दिल्या ते सांगा.

---

पिंपळपान

बराच वेळ लिहू की नको करत होते.

आमच्या घरात हा विषय अमेरिकेचा नाही. १९१३ ते १९१६ बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, काळ्यांची हार्लेम वस्ती तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. तीस वर्षांनी, १९४६ मध्ये, त्यांनी ड्यू बॉइसना पत्र लिहिलं. काळ्या लोकांनी युनोकडे अर्ज केलाय असं वाचलं, त्याच्या दोन-तीन प्रती मिळतील का, अस्पृश्यही तसंच करायच्या विचारात आहेत. ड्यू बॉइसनी उत्तरही पाठवलं. वरच्या धाग्यातला हा म्हातारा आम्हाला परका नाही तो त्यामुळे.

आणि १९३१ मध्ये मणिभवनात त्यांनी गांधीजींना तोंडावर सांगितलं होतं, मला मायभूमी नाही. तरी देश सोडला नाही. गाव सोडा, शहरात जा, असं आम्हाला सांगितलं. १९३५ मध्ये येवल्याला धर्म सोडायचा म्हणाले आणि १९५६ मध्ये नागपूरला सोडला. जे सोडता येत होतं ते सोडलं आणि जिथे उभे होते तिथेच राहिले. माझे आजोबा दीक्षाभूमीवरून परतले ते त्याच गावात, त्याच वस्तीत. आजी म्हणायची, "घर तेच, पण उंबरा नवा."

म्हणून मास्तरांनी जाऊ नये असं मी म्हणणार नाही. दमलेल्या माणसाला दमला म्हणून टोकू नये. पण 'सुटले का' हा प्रश्न राहणाऱ्यांनाही विचारा. आपण नेहमी जाणाऱ्यालाच विचारतो.

---

रिकामटेकडा

ठीक. पेन्शनचं वाक्य मागे घेतो. पासपोर्टचं नाही घेत.

---

शाईवाळेना

पिंपळपान, उंबऱ्याचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

---

मुपोमेरीलँड

काल मास्तरांना विमानतळावर सोडून आलो. म्हणून उशीर.

गाडीत धाग्यातलं बरंच सांगितलं. लायबेरियाचं त्यांना माहीत होतं. २०१९ मध्ये घानाने 'परतीचं वर्ष' साजरं केलं, १६१९ मध्ये व्हर्जिनियात पहिले आफ्रिकन उतरवले त्याला ४०० वर्षं झाली म्हणून, तेव्हा ते पहिल्यांदा गेले होते. त्या नोव्हेंबरात १२६ परदेशस्थ काळ्यांना घानाचं नागरिकत्व दिलं, तो समारंभ यांनी टीव्हीवर पाहिला. अक्राच्या बाजारात पोरं मागे लागली, 'ओब्रोनी, ओब्रोनी'. गोऱ्या माणसाला, परक्याला म्हणतात तसं. सांगताना मास्तर इतके हसले की चष्मा काढावा लागला. "अडुसष्ट वर्षं वाट पाहिली आणि मी गोरा झालो, तोही आफ्रिकेत!" मी म्हटलं, मग वाईट नाही वाटलं? म्हणाले, वाटलं. पण त्या शब्दात भीती नव्हती, पोरांना फक्त शेंगदाणे विकायचे होते.

रिकामटेकडे, तुमचा पासपोर्टचा प्रश्नही विचारला. पासपोर्ट ठेवणार आहेत. कारण मत. परदेशात राहणाऱ्या अमेरिकनाला शेवटच्या पत्त्यावरून मत देता येतं, म्हणजे ते आमच्याच गल्लीतून मत देणार. मग पाकीट उघडून एक घडी घातलेला कागद दाखवला. त्यांची आई अलाबामात शाळेत शिकवायची. मतदार नोंदणीच्या साक्षरता चाचणीत तिला दोनदा नापास केलं होतं. शिक्षिकेला! १९६५ च्या ऑगस्टात मताधिकाराचा कायदा झाल्यावर वॉशिंग्टनहून अधिकारी आले, तेव्हा तिचं नाव लागलं. हे १४ वर्षांचे, रांगेत तिच्यासोबत उन्हात उभे. तो तिच्या नोंदणीचा कागद.

सुरक्षा तपासणीच्या रांगेत त्यांनी पाकीट ट्रेमध्ये ठेवलं, मग परत उचललं, कागद काढून शर्टाच्या खिशात घातला आणि पाकीट पुन्हा ठेवलं. फावडं मला दिलंय.